वारंगुळ्याचा कॅमेरा

किसनभाऊंच्या घरी लेन्स कायम असते. कॅमेरा मात्र एक आठवडा असतो आणि एक आठवडा नसतो. नसतो त्या आठवड्यात ते लेन्स सदऱ्याच्या खिशात घालून हिंडतात. कुठे चांगला चेहरा दिसला, की खिशातून लेन्स काढतात, हात लांब करून तिच्यातून त्या चेहऱ्याकडे बघतात आणि हळहळतात. "गेला बगा फोटू," म्हणतात. त्या काचेतून माणूस उलटा दिसतो, याचं त्यांना काही वाटत नाही. आमच्या वडगावच्या बाजारात एका भाजीवालीने त्यांना एकदा डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता दिला होता. त्यांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला आणि तिचाही फोटो गेला म्हणून हळहळले.

माझं वडगावला कोर्टासमोर टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं आणि भावाभावांची वाटणीपत्रं बडवायची, त्यामुळे माणसांवर माझा विश्वास बेताचाच. दोन सख्खे भाऊ एका विहिरीवरून कोर्टाची पायरी चढताना मी रोज पाहते. म्हणून एक कॅमेरा दोघांत घेतलाय असं किसनभाऊंनी मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी मनातल्या मनात करारनाम्याचा मसुदा तयार करून ठेवला होता. तो अजून तसाच पडून आहे.

कॅमेऱ्याचे दुसरे मालक रज्जाकभाई. माझ्या शेजारी, प्लायवुडच्या एका भिंतीपलीकडे त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्या भिंतीला कान लावायची गरज नव्हती. पलीकडे चिमटा खाली ठेवला तरी मला कळायचं. रज्जाकभाई डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकलेले असत. बोलणं कमी, आवाज खालचा, आणि काम नीट झालं नसेल तर स्वतःवरच नाराज. गिऱ्हाईक टेबलावर टेकलं की म्हणायचे, "हलू नका." तेवढं एकच वाक्य ते जरा जोरात बोलत.

किसनभाऊ याच्या अगदी उलट. ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, कार्ल्याला डोंगराखाली भाताचं रान बघतात, पण अंगातली एसटी काही उतरली नाही. आजही बसमध्ये चढले की तिकीट काढायच्या आधी सगळ्यांना म्हणतात, "फुडं सरका, फुडं सरका, मागं लोकं हायेत." लोकही सरकतात. खरा कंडक्टर बिचारा बघत राहतो.

कॅमेऱ्याचं असं झालं. लोणावळ्यातल्या एका स्टुडिओवाल्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना विकायला काढला. नुसता कॅमेरा, लेन्सशिवाय. त्या स्टुडिओतलं भिंतीवरचं घड्याळ बसवायला रज्जाकभाई गेले होते आणि काही काम नव्हतं म्हणून किसनभाऊ त्यांच्याबरोबर गेले होते. दोघांनी तो कॅमेरा हातात घेतला आणि दोघेही फसले. एकट्याने घेतला असता तर दोघांच्याही घरी बोलणी बसली असती. तेव्हा किसनभाऊंना त्यांच्या आज्याची शेती आठवली.

"आज्याच्या टायमाला आमच्या घरी एक बैल, शेजारच्या घरी एक बैल," ते मला सांगत होते. "एका बैलानं नांगूर वढंल का? मंग दोन्ही बैल जुपायचे. आज तुजं रान, उद्या माजं. त्येला वारंगुळा म्हनत्यात. आमचा कॅमेरा वारंगुळ्याचा. कॅमेरा ह्यो नांगूर, लेन्स म्हंजी ज्येचा त्येचा बैल."

हा हिशेब मी दोनदा करून पाहिला, तो जुळत नाही. पण दोघांना तो पटला आणि त्यावर व्यवहार झाला. दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ज्याच्याकडे कॅमेरा असेल त्याने आपली लेन्स काढून घ्यायची आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा. दुसऱ्याच्या लेन्सला कोणी हात लावायचा नाही. ही देवघेव रज्जाकभाईंच्या दुकानात होई. किसनभाऊ त्यासाठी कार्ल्याहून एसटीने येत. काम दोन मिनिटांचं, पण ते संपवून परत जायला त्यांना संध्याकाळची गाडी लागायची.

आता लेन्स कोणी कुठली घेतली, ते सांगायला पाहिजे, कारण सगळी भांडणं त्यावरूनच. किसनभाऊंनी घेतली पन्नास मिलिमीटरची. ही साधी, आटोपशीर लेन्स असते. तिच्यात झूम नाही. माणूस मोठा दिसायला हवा तर आपणच चार पावलं पुढे जायचं. कंडक्टरला हे आवडणारच. आणि तिचं तोंड इतकं मोठं उघडतं, की चुलीच्या उजेडातही फोटो येतो. माणसाचा डोळा लख्ख आणि मागची भांडी, भिंत, कॅलेंडर सगळं धुक्यात. मात्र हातभराच्या आत गेलात तर ती काही दाखवत नाही.

रज्जाकभाईंनी घेतली मॅक्रो. ती जड, लांब, आणि जितकं जवळ जाल तितकी खूष. मुंगीच्या मिशा मोजायच्या असतील तर ही घ्यावी. पण तिला उजेड भरपूर लागतो आणि धीरही लागतो. एवढ्या जवळून वाऱ्याची झुळूक म्हणजे वादळ, आणि आपला श्वाससुद्धा फोटोत हलतो. फोटो नीट यायला हात दगडासारखा पाहिजे. रज्जाकभाईंचा होता.

गुरुवारी भिंतीपलीकडून मला हे ऐकू यायचं:

"रज्जाकभाई, फोटू मान्साचा काडावा. तुमी त्या माशीला काय इचारता, ती काय बोलनार हाय?"

"माणसं बोलतात म्हणून तर नको. माशी निदान फोटो कसा आला ते विचारत नाही."

"हातभर लांबून मानूस कसा ग्वाड दिसतो."

"लांबून सगळेच गोड दिसतात, किसनभाऊ. जवळ जाऊन बघा एकदा."

"जवळ ग्येलो तर माजी लेन्स आंदळी व्हती."

"तेच तर म्हणतोय मी."

मग दोघांचा चहा येई आणि थोडा वेळ शांतता. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून. मला शेवटी शेवटी दोन्ही बाजू पाठ झाल्या होत्या. एखादा गैरहजर राहिला असता तर मी त्याच्या वतीने भांडले असते.

या वारंगुळ्याची खरी परीक्षा झाली ती किसनभाऊंच्या पुतणीच्या साखरपुड्याला. मुलीचा बाप, म्हणजे त्यांचा भाऊ म्हणाला, घरात फोटोवाला असताना बाहेरचा कशाला. किसनभाऊ हो म्हणाले आणि नंतर लक्षात आलं, की तो आठवडा रज्जाकभाईंचा. रज्जाकभाईंनी लगेच कॅमेरा पुढे केला. "घरचं कार्य आहे, या वेळी तुम्हीच ठेवा."

"कार्य माज्या घरचं, आठवडा तुमचा," किसनभाऊ म्हणाले. "आज मोडलं तर उद्या कशाला धरून ऱ्हायाचं?"

"मग मीच येतो फोटो काढायला."

"या की. तुमचंच घर हाय."

दोघेही प्रसन्न झाले. साखरपुड्याला मॅक्रो लेन्स जाणार आहे, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मला कोणी विचारलं नाही आणि मी न विचारता बोलण्याची फी घेत नाही.

फोटो छापून आले तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याच टेबलावर उघडले गेले. पहिल्या फोटोत एक पांढरा खडक होता. नीट पाहिल्यावर तो साखरेचा दाणा निघाला. मग अंगठी, आणि तिच्यात अडकलेला हिरव्या शालूचा एक धागा. मग कोणाचा तरी कान. मग कोणाची तरी हनुवटी आणि तिच्यावर एकुलता एक केस, जो पुढे मुलाकडच्या एका आत्याबाईंचा असल्याचं सिद्ध झालं आणि त्यावरून बरंच झालं. नवरदेव अख्खा कुठेच नव्हता. त्याचं एक बोट होतं आणि शर्टाचं दुसरं बटण होतं. मॅक्रोने लांबूनही माणसांचे सुरेख फोटो येतात, हे मला मागाहून कळलं. पण रज्जाकभाईंना लांब उभं राहणं माहीतच नव्हतं.

"माज्या पोरीचा साकरपुडा झाला ह्येला पुरावा काय?" किसनभाऊंचा भाऊ माझ्या दुकानात उभा राहून विचारत होता. मी प्रतिज्ञापत्र करून द्यायची तयारी दाखवली. त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी किसनभाऊंशी बोलणं टाकलं ते पार लग्नापर्यंत. किसनभाऊ सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि एवढंच म्हणायचे, "आठवडा त्येंचा व्हता." रज्जाकभाईंबद्दल वावगा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. पुतणीने मात्र त्यातला एक फोटो आपल्याजवळ ठेवून घेतला. तिची आई तिचा पदर सारखा करतेय, तो हात. मनगटावर बांगड्यांच्या खाली तव्याचा चटका बसल्याचा जुना डाग. इतकी वर्षं आईजवळ राहून तो डाग तिने पाहिला नव्हता म्हणे.

रज्जाकभाईंचं काहीतरी बिनसतंय, हे मला आधी भिंतीतून कळलं. पलीकडे बारीकसा खळ्ळ आवाज यायचा, मग खुर्ची सरकायची, मग बराच वेळ काही नाही. घड्याळाचा स्क्रू हातातून पडत होता. पूर्वी असं कधी होत नसे. मग ते रोज व्हायला लागलं. एकदा मी चहा द्यायला गेले तर त्यांनी उजवा हात पटकन टेबलाखाली घेतला. "थंडी आहे," म्हणाले. भर एप्रिलमध्ये. डॉक्टरने कंपवाताचं नाव घेतलं होतं, ते त्यांच्या सुनेने, शबानाने, मला सांगितलं. त्यांनी स्वतः कोणालाच सांगितलं नाही.

पावसाळा निम्मा सरता सरता त्यांनी दुकान बंद केलं. जाताना कॅमेऱ्याची पिशवी माझ्याकडे दिली. आत कॅमेरा होता आणि त्यांची मॅक्रो लेन्सही होती. "गुरुवारी किसनभाऊ येतील," ते म्हणाले. "त्यांना म्हणावं, आता दोन्ही बैल तुमच्याच गोठ्यात राहू द्या." ते हसले. मला हसता आलं नाही.

गुरुवारी किसनभाऊ आले. बंद दार बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी पिशवी दिली, निरोप सांगितला. इतकी वर्षं ज्या कॅमेऱ्यासाठी आठवडा-आठवडा थांबायचे, तो आता पुरता त्यांचा झाला होता. त्यांनी पिशवी उघडून मॅक्रो लेन्स पाहिली, पण हात लावला नाही. मग रज्जाकभाईंच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. बाजार उठेपर्यंत तिथेच होते. जाता येता लोक विचारत होते, "काय भाऊ, घड्याळ बिगाडलं का?" ते मान हलवत होते.

तो आठवडा त्यांनी एकही फोटो काढला नाही. त्यांचा मुलगा म्हणाला, बरं झालं, कॅमेरा आपला झाला. त्याच्याशी ते बोलले नाहीत, असं त्यांनीच मला सांगितलं. मला वाईट वाटलं. त्या दोन म्हाताऱ्यांची वटवट बंद पडल्यापासून माझंही टायपिंग चुकत होतं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पुढच्या गुरुवारी ते पुन्हा पिशवी घेऊन हजर. "ताई, तुमी चला संगं," म्हणाले. "एकटा ग्येलो तर दारातनंच लावून देतील."

आम्ही रज्जाकभाईंच्या घरी गेलो. शबानाने चहा ठेवला. रज्जाकभाईंनी कप उचलला, बशी वाजायला लागली, त्यांनी तो तसाच खाली ठेवला. किसनभाऊंनी पिशवी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"आठवडा तुमचा."

"निरोप मिळाला नाही का?"

"मिळाला की. आठवडा तरीबी तुमचाच हाय."

रज्जाकभाईंनी हात पुढे धरला. तो हलत होता. "हे घेऊन मॅक्रो होतं का, किसनभाऊ?"

"वारंगुळ्यात येकाचा बैल बसला म्हनून त्येचं रान कुनी पडीक ठेवलं न्हाई. आमच्या आज्यानं न्हाई ठेवलं." किसनभाऊ अजिबात वर बघत नव्हते. "कॅमेरा म्या धरतो. कुटं बगायचं त्ये तुमी सांगा."

रज्जाकभाईंनी पिशवी स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाले, "तुम्हाला मॅक्रो आवडत नाही."

"न्हाईच आवडत."

"माझी लेन्स आहे. जपून धराल?"

"इकडं आना," किसनभाऊ म्हणाले. परवानगी मिळाल्यावरच त्यांनी त्या लेन्सला पहिल्यांदा हात लावला.

तेव्हापासून दर गुरुवारी दोघे कार्ल्याला किसनभाऊंच्या रानात जायला लागले. कॅमेरा आठवड्याआड घर बदलतो तसाच, पण गुरुवारी आठवडा कोणाचा हे आता कोणी विचारत नाही. मागच्या एका गुरुवारी कोर्टाला सुट्टी होती, म्हणून शबानाने मलाच बरोबर पाठवलं. बसमध्ये किसनभाऊंनी सगळ्यांना पुढे सरकवून रज्जाकभाईंना खिडकी मिळवून दिली.

भात फुलोऱ्यावर आला होता. भाताला फूल येतं हे मी ऐकून होते, पाहिलं कधी नव्हतं. ऊन चढायला लागलं की लोंबीवरचे दाणे किंचित उघडतात आणि आतून पांढुरके, तिळापेक्षा बारीक तुरे बाहेर लोंबतात. थोडा वेळ, मग पुन्हा मिटतात. जन्मभर भात लावलेल्या किसनभाऊंनीही ते कधी वाकून पाहिलं नव्हतं. "फूल येतं त्ये ठावं हाय," म्हणाले. "बगायला येळ कुनाला?"

रज्जाकभाई बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्यावर माझी छत्री. किसनभाऊ विजार गुडघ्यांवर दुमडून चिखलात. आणि आता हुकूम बांधावरून सुटत होते.

"पुढे सरका. अजून. फार झालं, मागे या. श्वास सोडा. हलू नका."

"म्या कुटं हालतोय, भात हालतंय."

"मग भात थांबेपर्यंत थांबा. तुम्हाला कुठली गाडी पकडायची आहे?"

असं बराच वेळ चाललं. मग किसनभाऊ चिखलातून वर आले, कॅमेरा रज्जाकभाईंच्या तोंडासमोर स्वतःच्या दोन्ही हातांनी धरला आणि एक फोटो दाखवला. रज्जाकभाईंनी खिशातून घड्याळाचं भिंग काढून डोळ्याला लावलं, कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले आणि बारकाईने बघत राहिले. पूर्वी एका केसाइतकं हललेलं त्यांना चालत नसे. या वेळी म्हणाले, "चांगला आहे. थोडं वारं आड आलं. पुढच्या गुरुवारी बघू पुन्हा."

"बगू की," किसनभाऊ म्हणाले.

रज्जाकभाईंना घरी सोडून किसनभाऊ माझ्या दुकानात आले. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "ताई, येक फोटू पुसायचा हाय. माज्याच्यानं व्हईना."

मी कार्ड संगणकाला लावलं. फोटो एकामागून एक येत गेले, सगळे हललेले, हिरव्या-पांढऱ्या रेघा नुसत्या. आणि मध्येच एक आला. भाताचं फूल, पडदाभर. तुरे असे स्वच्छ, की त्यांच्यावरची धूळही वेगळी दिसत होती. माझा हात माऊसवर तसाच राहिला. इतकं सुंदर काही माझ्या त्या कळकट पडद्यावर कधी आलं नव्हतं.

"हाच पुसा," किसनभाऊ म्हणाले.

"भाऊ, अहो, एवढाच तर नीट आलाय."

"व्हय. म्हनून तर."

"रज्जाकभाईंना दाखवलात का हा?"

"न्हाई. हललेला दावला."

ते खुर्चीच्या कडेला बसून पायावरचा वाळलेला चिखल नखाने काढत होते. "आदी खराच हात हालायचा, ताई," ते म्हणाले. "आता जमाया लागलंय. आन् जमलं आसं त्येनला कळलं, तर म्हनतील, झालं, शिकला किसन, आता माजं काय काम. मंग घरात बसून ऱ्हातील भितीकडं बगत." नखातला चिखल झटकून म्हणाले, "आन् म्या तरी गुरवारचं दुसऱ्या कुनाकडं जाऊ? मला हाय कोन?"

त्या भिंगातून बघणाऱ्याला फोटो मुद्दाम हलवलाय हे कळलं नसेल, असं मला वाटत नाही. पण ते मी किसनभाऊंना सांगितलं नाही.

मी त्यांच्या देखत तो फोटो कार्डावरून पुसला. त्यांनी तो जाताना नीट पाहिला, कार्ड घेतलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. पुसण्याआधी मी तो माझ्या संगणकात उतरवून घेतला होता, हे त्यांना ठाऊक नाही. कधी वडगावला आलात, तर कोर्टासमोर माझं दुकान विचारा, दाखवीन. गुरुवारी मात्र येऊ नका. त्या दिवशी दोघे माझ्या दारावरून जातात.